लष्कराचा बुलडोझर नुसता उभा असला तरी पैसे का खातो?

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला आलेला पूर माढा, मोहोळ, करमाळ्याची माणसं इतक्यात विसरणार नाहीत. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, गावांना पाण्याचा वेढा बसला, एनडीआरएफ आणि लष्कराची मदत घ्यावी लागली. पाणी ओसरल्यावर पारावर आणि व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत ऐकू येत होता. केरळात वायनाडला भूस्खलनानंतर लष्कराने दीड दिवसाच्या आत पूल उभा केला, मग तसा एक पूल आणि चार-दोन मशिनं सोलापुरात कायमची का ठेवत नाहीत? संरक्षणाचं बजेट तर लाखो कोटींचं असतं!

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर मशीन विकत घेण्याचा खर्च आणि मशीन तयार ठेवण्याचा खर्च वेगळे करावे लागतात, आणि बातम्यांत येतो तो फक्त पहिला. मी इथल्या माती-मुरुमाच्या काही ठेकेदारांचे हिशेब बघतो. त्यांच्या वह्यांतलं गणित आणि लष्कराचं गणित सुरुवातीला एकाच रस्त्याने जातं आणि पुढे एका ठिकाणी फाटा फुटतो. तो फाटा समजला की लष्कराच्या यंत्रांच्या देखभालीचा बराचसा गुंता सुटतो.

ही यंत्रं कुणाकडे असतात?

मुख्यतः दोघांकडे. पहिले लष्कराचे अभियंते, ज्यांना सगळे सॅपर म्हणतात. त्यांचे तीन जुने गट आहेत: बेंगळुरूचा मद्रास, रुरकीचा बंगाल आणि आपल्या खडकीचा बॉम्बे. नदीवर पूल टाकणं, सुरुंग साफ करणं, खंदक आणि वाटा तयार करणं ही त्यांची कामं. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पादचारी पूल २०१८ मध्ये याच खडकीवाल्यांनी बांधला.

दुसरी सीमा रस्ते संघटना, म्हणजे बीआरओ. ती १९६० साली सुरू झाली आणि २०१५ पासून पूर्णपणे संरक्षण मंत्रालयाखाली आहे. लडाखपासून अरुणाचलपर्यंतचे रस्ते, बोगदे, बर्फ हटवणं हे तिच्याकडे. आपल्या जिल्ह्यातली पोरं ‘ग्रेफ’च्या भरतीला पुण्यात दिघीला जातात, ती याच संघटनेच्या मनुष्यबळात.

दोघांकडे मिळून डोझर, पोकलेन, ग्रेडर, रोलर, हॉटमिक्स प्लांट, बर्फ कापणारी यंत्रं आणि पूल असतात. हो, पूलसुद्धा यंत्रातच धरायचे. ‘सर्वत्र’ नावाचा, डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेला पूल ट्रकवर घडी करून नेतात. एक ट्रक १५ मीटरचा तुकडा टाकतो, पाच ट्रक जोडून ७५ मीटरचा पूल होतो. त्यात ऑईलच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक आहे, इंजिन आहे, गिअर आहे, म्हणजे जेसीबीला जी दुखणी होतात ती सगळी यालाही होतात.

दुरुस्तीचं काम ईएमई नावाच्या वेगळ्या दलाकडे असतं. १९४३ पासूनचं हे दल. मोठी कामं त्यांच्या बेस वर्कशॉपमध्ये होतात, त्यातलं एक खडकीतच आहे.

किंमत छापून येते, खर्च येत नाही

एखादं यंत्र घेतल्यापासून भंगारात जाईपर्यंत त्यावर जो काही पैसा जातो, त्याला आपण ‘आयुष्यभराचा खर्च’ म्हणू. खरेदीची किंमत, डिझेल, ऑईल, फिल्टर, पार्ट, मेकॅनिकचा पगार, ऑपरेटरचं प्रशिक्षण, ठेवायला शेड, ने-आण करायला ट्रेलर, सगळं त्यात आलं. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी खर्च तपासणारी जी संस्था आहे, तिने अनेक अहवालांत सांगितलंय की एखाद्या शस्त्रप्रणालीच्या आयुष्यभराच्या खर्चात साधारण ७० टक्के वाटा चालवण्याचा आणि सांभाळण्याचा असतो. हा आकडा मुख्यतः विमानं, जहाजं, रणगाडे यांचा आहे. डोझरला तो जसाच्या तसा लावू नये. पण दिशा तीच राहते. घेताना दिलेला चेक हा एकूण खर्चातला लहान भाग असू शकतो.

आता आपलं बजेट बघा. २०२५-२६ मध्ये संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले होते. त्यातून निवृत्तिवेतनाला १.६० लाख कोटी गेले, नवीन खरेदी आणि बांधकामाला १.८० लाख कोटी. पगार सोडून रोजच्या चालण्यासाठी सुमारे १.१४ लाख कोटी उरले. या शेवटच्या रकमेत इंधन आहे, दारूगोळा आहे, रेशन-कपडे आहेत, विमानांचे आणि जहाजांचे पार्ट आहेत. आणि त्याच रांगेत, बरंच मागे, डोझरचं सील किट, म्हणजे ऑईल गळू न देणाऱ्या रबरी सीलांचा संच, उभा आहे.

तासांचं मीटर

मोटारीचं आयुष्य किलोमीटरवर मोजतात, माती-कामाच्या मशीनचं तासांवर. डॅशबोर्डवर तासांचं मीटर असतं. ठरावीक तास झाले की इंजिन ऑईल आणि फिल्टर, त्यानंतर हायड्रॉलिक फिल्टर, आणखी पुढे हायड्रॉलिक ऑईल, असा कंपनीचा तक्ता असतो. कंपनी आणि मॉडेलनुसार आकडे बदलतात.

इथला जेसीबीवाला हे तोंडपाठ जाणतो. काळ्या मातीत चालला तर बकेटचे दात बरेच दिवस पुरतात, विहिरीच्या कामावर काळ्या पाषाणात गेला की बघता बघता संपतात. चेनवर चालणाऱ्या मशीनची गोष्ट याहून खर्चिक. डोझरच्या एकूण देखभालीत चेन, रोलर, चेन फिरवणारं दातेरी स्प्रॉकेट, चेनच्या सांध्यांतले पिन-बुश या खालच्या भागाचाच वाटा निम्म्यापर्यंत जातो. वळताना चेन दगडावर घासते, बुश एका अंगाने झिजतो, चेन ढिली पडते, ढिली चेन स्प्रॉकेटचे दात खाते. बुश वेळेवर फिरवून घेतला, म्हणजे झिजलेली बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर केली, तर सेट बराच जास्त चालतो. महिनाभर टाळलं तर सगळाच बदलावा लागतो.

मग मशीन किती वर्षं ठेवायचं? कागदावर एक उदाहरण करू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. ४० लाखांचं मशीन. वर्षभराने विकलं तर ३० लाख आले, देखभालीला १ लाख गेला. म्हणजे त्या वर्षाचा खर्च ११ लाख. पाच वर्षांनी विकलं तर १५ लाख आले आणि पाच वर्षांची देखभाल मिळून साडेअकरा लाख झाली. एकूण साडेछत्तीस लाख, वर्षाला ७.३ लाख. आठ वर्षं ठेवलं तर विक्रीचे ११ लाख येतात, पण शेवटच्या वर्षांत इंजिन काम, पंप, चेन सगळं अंगावर येतं आणि देखभाल साडेचौतीस लाखांवर जाते. वर्षाला जवळजवळ ८ लाख. या उदाहरणात पाच-सहा वर्षांनी मशीन काढून टाकणं शहाणपणाचं. या टप्प्याला ‘किफायतशीर आयुष्य’ म्हणतात. त्यानंतरही मशीन चालतं, पण दर वर्षी आधीपेक्षा महाग पडतं.

सोलापुरात हे गणित कुणी अशा तक्त्यात मांडत नाही. पण बँकेचा हप्ता संपला आणि मशीन महिन्यातून दोनदा वर्कशॉपला जायला लागलं की धनी गिऱ्हाईक शोधायला लागतो, म्हणजे मांडतोच.

फाटा फुटतो तो इथे

जेसीबीवाल्याचं मशीन तासाला पैसे कमावतं. इथे म्हणतातच, मशीन उभं राहिलं तरी हप्ता उभा राहत नाही. म्हणून त्याचा सगळा जीव मशीन जास्तीत जास्त तास चालवण्यात असतो. लष्कराच्या यंत्राला गिऱ्हाईक नाही, तासाचा दर नाही. पूल टाकणारा ट्रक वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्ये असतो किंवा सरावाला निघतो. त्याचं खरं काम कदाचित दहा वर्षांत एकदा येईल, आणि तेव्हा तो पहिल्या किल्लीला सुरू व्हायला हवा. जेसीबीवाला प्रत्येक चाललेल्या तासाचा हिशेब लावतो. लष्कराला प्रत्येक ‘तयार’ दिवसाचा हिशेब लावावा लागतो.

साखर कारखान्याचं बघा, म्हणजे पटेल. गाळप चार-पाच महिने. उरलेल्या काळात मिलचे रोलर उतरवून दुरुस्तीला जातात, बॉयलरच्या नळ्या तपासतात, पंप आणि बेअरिंग खोलतात. कारखाना बंद आहे तर एवढा खर्च कशाला, असं कोणताही सभासद वार्षिक सभेत विचारत नाही. बाकी सगळं विचारतो, हे विचारत नाही. कारण ऐन हंगामात मिल बंद पडली तर यार्डात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि ऊस वाळत बसतो, हे त्याने पाहिलेलं असतं. फरक एवढाच की कारखान्याला हंगामाची तारीख माहीत असते.

बीआरओची स्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. तिला हंगाम आहे, पण आखूड. काश्मीर आणि लडाखला जोडणारा झोजिला घाट साडेअकरा हजार फुटांवर आहे. पूर्वी तो हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद असायचा. २०२५ मध्ये ३२ दिवस बंद राहून १ एप्रिलला उघडला. हे बर्फ कापणाऱ्या यंत्रांमुळे आणि ती चालवणाऱ्यांमुळे झालं. त्या महिन्यात एक यंत्र चार दिवस बंद राहिलं तर जाणारे चार दिवस साधे नसतात, कारण खालच्या बाजूला रसद घेऊन ट्रक थांबलेले असतात.

उभं मशीन बिघडतं कसं?

‘चालवलंच नाही तर झिजणार काय?’ हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर उभ्या असलेल्या पोकलेनजवळ जाऊन बूमच्या, म्हणजे लांब हाताच्या, सिलिंडरचा रॉड बघा. तो आरशासारखा चकचकीत असतो, कारण त्यावर क्रोमचा पातळ थर असतो. हा रॉड सिलिंडरमध्ये शिरतो तिथे रबरी सील असतं. ते ऑईल बाहेर येऊ देत नाही आणि धूळ आत जाऊ देत नाही. मशीन रॉड बाहेर ठेवून सहा महिने उभं राहिलं की पावसाने, दवाने क्रोमवर बारीक फोड येतात, बोटाला जाणवतील न जाणवतील इतके. उन्हाने रबर कडक होतं. मग एक दिवस मशीन सुरू होतं, रॉड आत जातो, ते फोड कानशीसारखे सीलवरून घासतात. संध्याकाळपर्यंत रॉडवर ऑईलची ओल दिसते, त्यावर धूळ चिकटते, तीच धूळ पुढच्या वेळी आत जाते. सील स्वस्त असतं. सिलिंडर खोलणं, रॉडला पुन्हा क्रोम करणं, गेलेलं ऑईल आणि गेलेले दिवस महाग असतात.

यावर उपाय साधा आहे. उभं करताना सिलिंडर आत घ्या, उघडा राहणारा रॉड ग्रीस लावून ठेवा, ठरावीक दिवसांनी इंजिन सुरू करून सगळ्या हालचाली एकदा करून बघा. टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी जमतं, ते काढा. बॅटरी चार्ज करा. टायर एकाच जागी दबून राहू देऊ नका. यातलं प्रत्येक काम दहा-पंधरा मिनिटांचं. पण शेकडो यंत्रांसाठी हे वर्षभर नियमाने करायचं तर माणसं लागतात, डिझेल लागतं आणि नोंदवही लागते. सुरुवातीला म्हटलं ते ‘उभं राहून पैसे खाणं’ म्हणजे हाच खर्च.

पुलाचंही तसंच. बेली पूल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अभियंता डोनाल्ड बेली यांनी काढला. दहा फुटी लोखंडी पॅनेल, एक उचलायला सहा माणसं, क्रेनची गरज नाही. पॅनेल एकमेकांना पिनेने जोडतात. वर्षानुवर्षं गाड्यांचा भार सोसून पिनेची भोकं लांबट होतात, वेल्डिंगच्या सांध्यात केसासारख्या चिरा पडतात, गंज चढतो. वापरून परत आलेला पूल तपासल्याशिवाय पुन्हा टाकता येत नाही.

अठरा हजार फुटांवर डिझेलही गोठतं

आपल्याकडे मे महिन्यात मशीन तापतं, रेडिएटरवर कचरा बसला की गरम होऊन बंद पडतं. तिकडे उलटं. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. इंजिनाला निम्माच प्राणवायू मिळतो, डिझेल पूर्ण जळत नाही, ताकद घटते, धूर वाढतो. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो असेल तर तूट थोडीफार भरून निघते. लडाखमध्ये उमलिंग ला इथे बीआरओने १९,०२४ फुटांवर रस्ता केला, तिथे प्रत्येक डोझर कमी ताकदीवर जास्त वेळ राबला असणार. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर चोंदतं. म्हणून इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहील असं खास हिवाळी डिझेल आणलं.

याचा पैशाशी संबंध असा की कंपनीचा देखभालीचा तक्ता मैदानी हवामान धरून केलेला असतो. वरती तोच तक्ता पाळला तर मशीन लवकर जातं. म्हणजे फिल्टर लवकर बदला, ऑईल वेगळं वापरा, बॅटरी जास्त ठेवा. आणि पार्ट विमानाने किंवा घाट ओलांडून जायचा असेल तर त्याच्या किमतीपेक्षा पोचवण्याचा खर्च मोठा होऊ शकतो.

पार्ट मिळत नाही, म्हणजे नेमकं काय?

सोलापुरात जेसीबीचा पार्ट त्याच दिवशी मिळतो, कारण हजारो मशिनं एकाच मॉडेलची आहेत. लष्करात यंत्रं वीस-तीस वर्षं राहतात, आणि वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या देशांकडून आलेली असतात. मार्च २०१८ मध्ये तत्कालीन उपलष्करप्रमुखांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की लष्कराची ६८ टक्के साधनसामग्री जुन्या पिढीची आहे. बनवणाऱ्या कंपनीने मॉडेल बंद केलं की पार्टही हळूहळू बंद होतात. मग तीन वाटा राहतात. आयुष्यभराचे पार्ट आधीच घेऊन ठेवायचे, म्हणजे पैसा गोदामात अडकला. देशात बनवून घ्यायचे, पण पन्नास नगांसाठी साचा करायला छोटा कारखानदार तयार होत नाही. किंवा एका बंद मशीनचे पार्ट काढून दुसरं चालवायचं. हे सगळीकडे चालतं आणि कागदावर कधी दिसत नाही.

म्हणूनच देशी कंपनीचं यंत्र घेताना थोडी जास्त किंमत पडली तरी हिशेब चुकतोच असं नाही. इथे एक सोलापूरचा धागा सांगायलाच हवा. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बेंगळुरूला विमान कारखाना काढला, तोच पुढे एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, झाला. महायुद्धात १९४३ पासून तो अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात होता आणि तिथलं मुख्य काम विमानं दुरुस्त करून परत आकाशात पाठवण्याचं होतं. नवीन विमानं बनवण्याचा मान मोठा, पण तो कारखाना युद्धाच्या उपयोगी पडला दुरुस्तीने. याच एचएएलचा रेल्वे डबे बनवणारा विभाग १९६४ मध्ये स्थापन झालेल्या बीईएमएलकडे गेला. लष्कराचे डोझर आणि ‘सर्वत्र’ पूल बनवते ती हीच कंपनी.

दोन खिसे आणि मार्च एंड

सरकारी हिशेबात पैशाचे दोन खिसे असतात. नवीन मशीन भांडवली खिशातून येतं, पार्ट आणि दुरुस्ती महसुली खिशातून. दोन्हींच्या फाईली वेगळ्या, मंजुऱ्या वेगळ्या. जेसीबीवाल्याच्या खिशात एकच पाकीट असतं, म्हणून तो लगेच ठरवतो की दोन लाखांचं इंजिन काम करू की मशीन काढून टाकू. सरकारी अधिकाऱ्याला ते ठरवता येत नाही. किफायतशीर आयुष्य कधीच संपलेलं मशीनही तो दुरुस्तच करत राहतो, कारण नवीन घेण्याचा पैसा त्याच्या खिशात नाही. उलटही होतं. नवीन मशीन येतं, फोटो निघतात, आणि दोन वर्षांनी त्याच्या पार्टला पैसे नसतात.

भर म्हणून सर्वात कमी बोलीवाल्याला काम देण्याची पद्धत. बोली किमतीची असते, आयुष्यभराच्या खर्चाची नसते. पाच लाखांनी स्वस्त मशीन दर वर्षी दोन लाखांचे जास्त पार्ट खातं हे निविदा उघडताना दिसत नाही. आणि वर्ष ३१ मार्चला संपतं. ज्या पार्टची गरज जूनमध्ये पडणार आहे त्याचे पैसे मार्चमध्ये परत जाऊ नयेत म्हणून जे हाती लागेल ते घेतलं जातं. याबाबतीत लष्कर आणि आपली नगरपालिका सारखीच.

संरक्षण खर्चाची घडी नीट बसवण्यासाठी नेमलेल्या लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींवरून यात थोडी सुधारणा झाली. बीआरओला बांधकामाची आधुनिक यंत्रं घेण्याचे अधिकार साडेसात कोटींपर्यंत होते, ते १०० कोटींपर्यंत वाढवल्याचं संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये जाहीर केलं. माझ्या मते तरीही खरी अडचण खरेदीच्या अधिकाराची कमी आणि सांभाळण्याच्या पैशाची जास्त आहे. काटकसर करायची वेळ आली की सगळ्यात आधी देखभालीचे पैसे कापले जातात, कारण कापल्याचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही. तीन वर्षांनी दिसतो, तोवर कापणाऱ्याची बदली झालेली असते.

मग सगळं भाड्यानेच का घेत नाहीत?

काही प्रमाणात घेतातच. त्याच समितीच्या शिफारशीनुसार १०० कोटींपेक्षा मोठी रस्त्याची कामं ठेकेदाराकडून करून घेण्याचा नियम बीआरओने स्वीकारला. ठेकेदार आपली मशिनं आणतो, बिघडली तर त्याची डोकेदुखी. २०२० च्या संरक्षण खरेदी नियमांत भाडेपट्ट्याचा पर्यायही आला आहे. आणखी एक पद्धत म्हणजे कंपनीला पार्टगणिक पैसे न देता ‘शंभरातली नव्वद मशिनं कायम चालू ठेव’ अशा अटीवर पैसे द्यायचे. त्यात चांगला पार्ट वापरण्यात कंपनीचाच फायदा होतो.

पण नियंत्रण रेषेजवळ गोळीबार सुरू असताना ठेकेदाराचा ऑपरेटर येणार नाही, आणि त्याला बोल लावताही येणार नाही. युक्रेनमध्ये मे २०२२ मध्ये सिव्हेर्स्की डोनेट्स नदीवर पूल टाकून पलीकडे जाऊ बघणाऱ्या रशियन तुकडीचे पूल आणि गाड्या युक्रेनच्या तोफांनी उद्ध्वस्त केल्या. अशा जागी काम करायचं यंत्र भाड्याने मिळत नाही. म्हणून मागच्या भागातले रस्ते ठेक्याने, पुढच्या भागातलं स्वतःचं, अशी वाटणी बरी. वाटणीची रेघ कुठे मारायची यावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि राहणार.

सोलापुरात एक पूल ठेवला तर?

वायनाडला चूरलमला इथे १ ऑगस्ट २०२४ ला उभा राहिलेला बेली पूल १९० फुटांचा, २४ टन भार घेणारा होता. मूळच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मेजर सीता शेळके यांच्या देखरेखीखाली मद्रास सॅपर्सनी तो बांधला. तो वेगाने झाला कारण पॅनेल तपासून तयार होती, माणसांचा सराव होता आणि वाहनं चालू होती. तसा संच सोलापुरात ठेवायचा तर पॅनेलबरोबर तुकडी, शेड, वाहनं आणि वर्षातले सराव हेही इथे ठेवावं लागेल. राज्यातल्या प्रत्येक पूरप्रवण जिल्ह्याने हेच मागितलं तर बहुतेक संच वर्षानुवर्षं हलणार नाहीत. खडकी इथून साधारण अडीचशे किलोमीटर. एका ठिकाणी चांगला सांभाळलेला साठा दहा ठिकाणच्या गंजलेल्या साठ्यांपेक्षा स्वस्त आणि भरवशाचा. लांबोटीसारखा महामार्गच बंद झाला तर संच येणार कसा, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर मला सुचणारा उपाय म्हणजे जिल्हा प्रशासनाने पावसाळ्याआधीच इथल्या पोकलेन-जेसीबीवाल्यांशी दर ठरवून लेखी करार करून ठेवणं. मशिनं आधीच जिल्ह्यात आहेत आणि ती सांभाळणारे धनीही.

बिल कोण भरतं, हेही विचारलं जातं. नागरी प्रशासनाच्या मदतीला आलेल्या सैन्यदलांच्या खर्चाची वसुली राज्याकडून होऊ शकते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने केरळकडे आधीच्या पुरांपासून वायनाडपर्यंतच्या बचावकार्यांतल्या विमान आणि हेलिकॉप्टर वापराचे १३२ कोटींहून अधिक मागितले, त्यावरून मोठा गदारोळ झाला. ते बिल उड्डाणांचं होतं. उरलेली सगळी वर्षं ती हेलिकॉप्टरं उडण्याजोगी ठेवण्याचा खर्च कुणीच वेगळा मागितला नव्हता.

लिलावातलं लष्करी मशीन घ्यावं का?

हा प्रश्न मला ठेकेदार थेट विचारतात. लष्कराने काढून टाकलेली वाहनं आणि यंत्रं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाईन लिलावात येतात. मशीनवर तास कमी, रंग चांगला, किंमत आकर्षक. पण वर सांगितलेलं सगळं इथे लागू होतं. कमी तास म्हणजे कमी झीज, हे खरं. मात्र रबर, होज पाईप आणि सील तासांवर म्हातारी होत नाहीत, वर्षांवर होतात. त्यामुळे पंधरा वर्षांचं आणि कमी चाललेलं मशीन घेतलं तर सगळे होज आणि सील किट बदलण्याचे पैसे किमतीत धरूनच बोली लावा. लिलावाच्या जागी जाऊन रॉड बाहेर काढायला सांगा आणि त्यावर बोट फिरवून बघा. रोलर आणि स्प्रॉकेटचे फोटो आपल्या मेकॅनिकला दाखवा. आरटीओची कागदपत्रं कोणती मिळणार ते आधी लेखी घ्या. आणि मॉडेल नंबर घेऊन आपल्या पार्टवाल्याला फोन करा. तो ‘मागवून देतो’ म्हणाला तर कुठून आणि किती दिवसांत, हे विचारल्याशिवाय अनामत भरू नका.